भाजल्यावरही लहानच राहणारे ऑक्साइडचे नॅनोकण : प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी कृती

टिनच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया सोडला की काही मिनिटांत लिबलिबीत पांढरा साका जमतो. त्यातले कण जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचे असतात. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, झालं काम. पण हा साका तसाच वापरता येत नाही. त्यात पाणी अडकलेलं असतं, पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी असते आणि स्फटिकरचना कच्ची असते. म्हणून तो ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो. भट्टीतून बाहेर काढून मोजलं की तेच कण दहा, पंधरा, कधी वीस नॅनोमीटरचे झालेले दिसतात.

मग बहुतेक जण भट्टीच्या मागे लागतात. तापमान थोडं कमी करतात, वेळ कमी करतात, तापवण्याचा वेग बदलतात. त्याने थोडाफार फरक पडतो, पण दुखणं तिथे नसतंच. कण किती वाढणार याचा बराचसा निकाल जेल (हाच लिबलिबीत साका) ओलं असताना, म्हणजे धुताना आणि वाळवताना लागलेला असतो. या लेखातल्या कृतीत म्हणूनच बहुतेक मेहनत भट्टीच्या आधी आहे. उदाहरण टिन ऑक्साइडचं घेतलं आहे, कारण ते स्वस्त उपकरणांत जमतं आणि चुकलं तर चूक लगेच दिसते. टायटॅनियम आणि झिर्कोनियमसाठी काय बदलायचं ते शेवटी येईल.

दोन-चार नॅनोमीटरसाठी एवढा खटाटोप का, हेही पाहू. टिन ऑक्साइडच्या वायुसंवेदकात प्रत्येक कणाच्या पृष्ठभागालगत इलेक्ट्रॉनांची टंचाई असलेला सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा थर असतो. कणाचा व्यास ६ नॅनोमीटरच्या खाली गेला की अख्खा कणच या थरात येतो आणि वायूला मिळणारा प्रतिसाद एकदम चढतो. नोबोरू यामाझोए यांच्या गटाने १९९१ साली हे मोजून दाखवलं. तेव्हा ५ नॅनोमीटरचा कण आणि १२ नॅनोमीटरचा कण ही संवेदकाच्या दृष्टीने दोन वेगळीच द्रव्यं समजायची.

कण वाढतात कसे

लहान कणाचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने अवाढव्य असतो. ५ नॅनोमीटरच्या कणातले साधारण पाव हिस्सा अणू पृष्ठभागावरच असतात. पृष्ठभागावरच्या अणूचे काही बंध अपुरे राहतात, त्यामुळे त्याची ऊर्जा जास्त असते. पृष्ठभाग कमी झाला की ऊर्जा कमी होते, म्हणून संधी मिळताच कण मोठे होऊ पाहतात. साबणाच्या फेसात लहान बुडबुडे आटत जाऊन मोठे फुगतात, त्यामागेही पृष्ठऊर्जेचं हेच गणित आहे.

ही संधी तीन टप्प्यांवर मिळते. पहिला टप्पा वाळताना येतो. पाणी निघून जाताना केशाकर्षणाने कण एकमेकांवर आवळले जातात. शेजारच्या दोन कणांवरचे हायड्रॉक्सिल गट समोरासमोर येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि धातू-ऑक्सिजन-धातू असा पक्का पूल तयार होतो. १०० अंशांवर हे सहज घडतं. दुसरा टप्पा भट्टीतला: या पुलांवरून अणू सरकू लागतात, मान (दोन कणांमधला जोड) जाड होते आणि दोन कणांचा एक होतो. तिसऱ्या टप्प्यात, आणखी वरच्या तापमानाला, दोन स्फटिकांमधली सीमाच सरकते आणि मोठा स्फटिक लहानाला गिळतो.

पहिला टप्पा अडवला तर दुसऱ्याला पूलच मिळत नाहीत. तिसऱ्यासाठी वेगळी अडवणूक लागते: सीमेच्या वाटेत दुसऱ्या पदार्थाचे बारीक ठिपके असावेत, म्हणजे सीमा तिथे अडकते. याला झेनर पिनिंग म्हणतात.

ही दोन्ही कामं एकाच प्रक्रियेत साधण्याची युक्ती तैवानच्या नाए-लिह वू आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. ओल्या जेलवरचे हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी मिथाइल-सिलॉक्सी गट (ऑक्सिजनला जोडलेला सिलिकॉन आणि त्यावर मिथाइल) बसवायचे. या गटांची आपसात जोडणी होत नाही, त्यामुळे पूल बनत नाहीत. पुढे भट्टीत मिथाइल जळून जातो आणि सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मागे राहतात, ते सीमा अडवतात. टिन, टायटॅनियम आणि झिर्कोनियमच्या ऑक्साइडचे ५०० अंशांना भाजलेले स्फटिक त्यांना १.५ ते ५ नॅनोमीटरचे मिळाले. खालची कृती याच विचारावर उभी आहे. प्रमाणं मात्र शिकाऊ हाताला झेपतील अशी घेतली आहेत.

वाढ रोखण्याचे इतरही मार्ग आहेत. लँथॅनम, इट्रियम यांसारखी मोठी आयनं थोड्या प्रमाणात मिसळली तर ती पृष्ठभागाशी जमा होतात आणि वाढ मंदावते. जेलला फॉस्फोरिक आम्ल लावूनही परिणाम मिळतो. कणाभोवती पूर्ण सिलिकाचं कवच चढवता येतं, पण मग वायू किंवा अभिक्रियाकारक आत पोहोचायचा कसा, हा प्रश्न उरतो. सुरुवात करणाऱ्याने सिलॉक्सी मार्गच धरावा असं माझं मत आहे, कारण इथे प्रत्येक पायरी नीट झाली की नाही हे साध्या चाचणीने कळतं.

आधी सुरक्षेचं

या कृतीत सिलॉक्सी गट बसवण्यासाठी लागणारं हेक्झामिथाइलडायसिलाझेन (पुढे नुसतं ‘सिलाझेन’) हे द्रव अत्यंत ज्वालाग्राही आहे आणि काम करताना त्यातून अमोनिया सुटतो. टोल्युइनही पेट घेतं. दोन्हींचं काम फ्यूम हूडमध्ये, ज्योत आणि उघडी तार असलेल्या हीटरपासून दूर करायचं. स्टॅनिक क्लोराइडची बाटली उघडली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ येते, ती नाकात जाऊ देऊ नका. भाजलेली पूड इतकी हलकी असते की चमच्याने हलवली तरी उडते. ती हूडमध्येच हाताळा, मास्क लावा, आणि सांडली तर झाडू न मारता ओल्या कागदाने टिपून घ्या.

पायरी १ : साका पाडणे

स्टॅनिक क्लोराइड पेंटाहायड्रेट १७.५ ग्रॅम तोला. हा क्षार हवेतलं पाणी झपाट्याने ओढतो, तेव्हा तोलणं लांबवू नका. २५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात तो विरघळवा. सगळं सुरळीत झालं तर शेवटी साधारण साडेसात ग्रॅम टिन ऑक्साइड हाती येतं, म्हणजे प्रत्येकी अडीच ग्रॅमचे तीन नमुने. तीन का, ते पुढे कळेल.

दुसऱ्या भांड्यात २५ टक्क्यांचा अमोनिया एक भाग आणि पाणी पाच भाग असं मिश्रण करा. जोरात ढवळत ते थेंबाथेंबाने क्लोराइडच्या द्रावणात सोडा. पीएच ८ च्या आसपास आला की थांबा. यासाठी ८० ते १०० मिलिलिटर मिश्रण लागेल. मध्येच मिश्रण इतकं दाटतं की चुंबकी ढवळणी अडकून बसते. तेव्हा अमोनिया थांबवून थोडं पाणी घाला आणि काचेच्या कांडीने मोकळं करा. न ढवळता अमोनिया ओतत राहिलात तर एका कोपऱ्यात पीएच ११ आणि दुसऱ्यात २ अशी स्थिती होते, आणि सुरुवातीलाच कणांचे आकार विस्कळीत होतात. नंतर तासभर हलकं ढवळत ठेवा.

सोडियम हायड्रॉक्साइड वापरून वेळ वाचवण्याचा मोह टाळा. सोडियम धुऊन पूर्ण निघत नाही, आणि अल्कली जास्त झाली तर टिन पुन्हा विरघळू लागतं.

पायरी २ : धुणे

सगळ्यांना कंटाळवाणी वाटणारी आणि सर्वांत जास्त नमुने बिघडवणारी पायरी हीच. साक्यात आता भरपूर अमोनियम क्लोराइड आहे. क्लोराइड राहिलं तर भट्टीत त्याचं हायड्रोजन क्लोराइड होतं, ते धातूला बाष्परूपात एका कणावरून उचलून दुसऱ्यावर नेऊन ठेवतं, आणि कण पूल नसतानाही वाढतात. पृष्ठभागावर कितीही निगुतीने प्रक्रिया करा, क्लोराइड राहिलं तर ती वाया जाते.

सेंट्रिफ्यूजमध्ये साका बसवा, निवळी ओतून टाका, ताजं पाणी घालून साका मोकळा करा, पुन्हा फिरवा. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं हवं, हे सांगायला नकोच, तरी सांगतो. तिसऱ्या-चौथ्या धुण्याला निवळी दुधाळ दिसू लागेल. यात साका वाया चालला असं समजून घाबरू नका. क्षार कमी झाल्यामुळे कण एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगू लागले आहेत. अशा वेळी साध्या पाण्याऐवजी लिटरला ७.७ ग्रॅम अमोनियम ॲसिटेट असलेल्या पाण्याने धुवा, कण पुन्हा बसतात. हे ॲसिटेट पुढे भट्टीत उडून जातं. काही जुन्या कृतींत यासाठी अमोनियम नायट्रेट सांगितलेलं असतं. इथे ते नको, कारण पुढे सेंद्रिय द्रव्यं येणार आहेत आणि नायट्रेटबरोबर ती तापवणं धोक्याचं.

धुणं पुरेसं झालं का, हे सिल्व्हर नायट्रेटने पाहा. निवळीचे काही थेंब घेऊन त्यात आधी सौम्य नायट्रिक आम्ल घाला आणि मगच सिल्व्हर नायट्रेट. आम्ल घालायला विसरलात तर निवळीतला अमोनिया सिल्व्हर क्लोराइड विरघळवून टाकतो आणि गढूळपणा दिसतच नाही. ‘क्लोराइड संपलं’ असा खोटा दिलासा देणारी ही चाचणी मी बऱ्याच वह्यांमध्ये पाहिली आहे. आम्ल घातल्यावरही थेंब स्वच्छ राहिला तरच पुढे जा.

पायरी ३ : तीन वाटे

धुतलेल्या साक्याचे तीन सारखे भाग करा. पहिला, अ, थेट पाण्यातूनच ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळेल. दुसरा, ब, इथेनॉल आणि टोल्युइनमधून जाईल, पण त्यात सिलाझेन पडणार नाही. तिसरा, क, पूर्ण प्रक्रियेतून जाईल.

ब नमुना अनेकांना फालतू वाटतो. पण इथेनॉलने धुतलं तरी काही हायड्रॉक्सिलच्या जागी इथॉक्सी गट बसतात आणि केशाकर्षणाचा ताणही कमी होतो. म्हणजे नुसत्या द्रावक बदलानेही कण थोडे लहान राहतात. ब नसेल तर त्याचं श्रेय चुकून सिलॉक्सी गटांच्या नावावर जमा होतं. तीनही नमुने एकाच साक्यातले हवेत. वेगवेगळ्या दिवशी पाडलेल्या साक्यांची तुलना करू नका.

पायरी ४ : पाणी बाहेर काढणे

सिलाझेनला पाणी दिसलं की ते आधी पाण्याशीच अभिक्रिया करतं आणि कणांपर्यंत पोहोचतच नाही. इथेनॉलशीही ते अभिक्रिया करतं. म्हणून आधी पाण्याच्या जागी इथेनॉल आणि मग इथेनॉलच्या जागी टोल्युइन आणायचं.

ब आणि क भाग कोरड्या इथेनॉलने तीनदा धुवा, दर वेळी साक्याच्या दहापट द्रावक घेऊन. तिसऱ्या निवळीत निर्जल कॉपर सल्फेटची पांढरी चिमूट टाका. ती निळी झाली तर पाणी उरलं आहे, आणखी एकदा धुवा. मग टोल्युइनने तीनदा. इथेनॉल उरलं का हे सांगणारी इतकी सोपी चाचणी नाही, त्यामुळे टोल्युइनचं तिसरं धुणं गाळू नका. साका मध्येच कोरडा पडू देऊ नका. एकदा वाळला की पूल बनलेच, मग पुन्हा ओला करून उपयोग नाही.

नळ्यांकडे लक्ष द्या. टोल्युइन पॉलिस्टायरिन विरघळवतं आणि पॉलिकार्बोनेटलाही तडे पाडतं. काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या नळ्या उत्तम; पॉलिप्रॉपिलीनच्या थोड्या वेळापुरत्या चालतात.

पायरी ५ : पृष्ठभाग झाकणे

किती सिलाझेन घ्यायचं? अंदाज असा बांधा. जेलचं पृष्ठफळ ग्रॅमला २०० चौरस मीटर धरू. एक ट्रायमिथाइलसिलिल गट साधारण ०.४३ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो, म्हणजे एका चौरस नॅनोमीटरवर फार तर २.३ गट मावतात. गुणाकार केला तर ग्रॅममागे सुमारे ०.७६ मिलिमोल गट येतात. सिलाझेनच्या एका रेणूत असे दोन गट असतात, म्हणून ०.३८ मिलिमोल, अर्थात जेमतेम ६० मिलिग्रॅम सिलाझेन पुरतं. उरलेला ओलावा आणि संथ अभिक्रिया लक्षात घेऊन दहा-बारा पट, म्हणजे ग्रॅममागे १ मिलिलिटर घ्या. जास्तीचं नंतर धुऊन जाणार आहे. जागाच मर्यादित असल्यामुळे दुप्पट घातलं म्हणून दुप्पट बसत नाही.

क भाग ६० मिलिलिटर टोल्युइनमध्ये मोकळा करून तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये घ्या, कंडेन्सर लावा आणि कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडा. २.५ मिलिलिटर सिलाझेन घालून ६० ते ७० अंशांना रात्रभर ढवळा. बाहेर पडणाऱ्या वायूसमोर ओला लाल लिटमस धरा. निळा झाला म्हणजे अमोनिया सुटतो आहे, अभिक्रिया सुरू आहे. वाटेत कॅल्शियम क्लोराइडची नळी लावू नका. ते अमोनिया शोषून घेतं आणि लिटमस लालच राहतो. मात्र सिलाझेन घालताच पहिल्या मिनिटातच अमोनियाचा भपकारा आला, तर बहुधा ते उरलेल्या पाण्याशी भिडलं आहे.

ब भागालाही याच तापमानाला, तितकाच वेळ, नुसत्या टोल्युइनमध्ये ढवळायचं.

सकाळी क भाग ताज्या टोल्युइनने दोनदा धुवा. न धुता वाळवलात तर जास्तीचं सिलाझेन हवेतल्या ओलाव्याबरोबर जागच्या जागी फालतू सिलिकॉन संयुगं बनवतं. ब आणि क दोन्ही हूडमध्ये उघडे ठेवून टोल्युइन उडू द्या, मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ७० अंशांना वाळवा. टोल्युइनने भिजलेली पूड साध्या विजेच्या ओव्हनमध्ये ठेवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

आता या लेखातली सर्वांत सोपी चाचणी. चिमूटभर पूड पाण्यावर टाका. क नमुना कोरडाच तरंगत राहायला हवा आणि हलवला तरी भिजू नये. अ लगेच बुडतो. क बुडाला तर भट्टी पेटवायची गरज नाही, पायरी ४ पासून पुन्हा सुरू करा. इन्फ्रारेड यंत्र हाताशी असेल तर १२५५ आणि २९६० तरंगसंख्येच्या आसपास मिथाइलच्या खुणा दिसतात आणि ३४०० जवळचा हायड्रॉक्सिलचा रुंद उंचवटा खाली बसलेला असतो.

पायरी ६ : भाजणे

पूड अल्युमिनाच्या होडीत दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ थरात पसरा. जाड थरात खालून निघणारी पाण्याची वाफ अडकून राहते, आणि पाण्याच्या वाफेत ऑक्साइडचे कण जास्त वेगाने वाढतात. कोरड्या हवेचा प्रवाह ठेवा. मिनिटाला २ अंश या वेगाने ३५० अंशांपर्यंत जा, तिथे तासभर थांबा म्हणजे सेंद्रिय भाग हळूहळू जळेल, मग मिनिटाला ५ अंशांनी ५०० पर्यंत जाऊन दोन तास ठेवा.

तिन्ही होड्या एकदम भट्टीत सारू नका. तापताना क नमुन्यातून सिलिकॉनयुक्त वाफा सुटतात आणि शेजारच्या होडीवर बसतात. मग अ आणि ब ‘उपचार न केलेले’ राहतच नाहीत, आणि प्रक्रियेने काही फरक पडला नाही असा उलटा निष्कर्ष निघतो. आधी अ आणि ब भाजा, क नंतर. पुढच्या खेपेआधी भट्टीची नळी ८०० अंशांना हवेत रिकामी तापवून घ्या, म्हणजे आतल्या वाफांचा अंश राहणार नाही. सिलिकॉनच्या याच वाफा बाजारातल्या टिन ऑक्साइडच्या वायुसंवेदकांना निकामी करतात म्हणून बदनाम आहेत. आपण त्यांना मोजून-मापून, भाजण्याआधी कामाला लावतो आहोत एवढंच.

बाहेर आलेली पूड पांढरी ते किंचित पिवळसर असावी. राखाडी किंवा तपकिरी दिसली तर कार्बन पुरता जळलेला नाही, हवा कमी पडली. थर आणखी पातळ करून ३५० अंशांवरचा मुक्काम वाढवा.

पायरी ७ : मोजणे

एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये तांब्याच्या किरणांनी टिन ऑक्साइडची शिखरं २६.६, ३३.९ आणि ५१.८ अंशांना येतात. शिखर जितकं रुंद, स्फटिक तितका लहान. शेरर सूत्र असं: आकार म्हणजे ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी गुणिले थीटा कोनाचा कोसाइन. तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, रुंदी रेडियनमध्ये, आणि थीटा म्हणजे शिखराच्या जागेच्या निम्मा कोन. नवख्यांचा गोंधळ या शेवटच्या दोन ठिकाणी हमखास होतो.

उदाहरण घेऊ. २६.६ अंशांच्या शिखराची रुंदी १.६ अंश आहे. रेडियनमध्ये ती ०.०२७९. थीटा १३.३ अंश, त्याचा कोसाइन ०.९७३. उत्तर ५.१ नॅनोमीटर. रुंदी ०.४ अंश असती तर २०.४ नॅनोमीटर. यंत्र स्वतःही शिखर थोडं रुंद करतं, ती जादा रुंदी प्रमाणित नमुना मोजून वजा करायला हवी. मोठ्या स्फटिकांच्या बाबतीत ही दुरुस्ती विसरलात तर कण आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. ३ नॅनोमीटरच्या खाली पहिली दोन शिखरं एकमेकांत मिसळतात. तिथे पट्टी लावून रुंदी न मोजता संगणकावर शिखरं वेगळी करून घ्या.

आणि एक सावधगिरी. रुंद शिखर म्हणजे लहान स्फटिकच असं नाही, अर्धवट स्फटिकीभवनही तसंच दिसतं. कण वाढले नाहीत म्हणून आनंद होतो, आणि नंतर कळतं की ते स्फटिक झालेच नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जालरेषा (स्फटिकातल्या अणूंच्या थरांच्या समांतर रेषा) स्पष्ट दिसल्या तरच निकाल खरा मानावा.

दुसरं मोजमाप नायट्रोजन शोषणाने पृष्ठफळाचं. ६००० ला घनता आणि पृष्ठफळ यांच्या गुणाकाराने भागलं की कणाचा व्यास नॅनोमीटरमध्ये मिळतो. टिन ऑक्साइडची घनता घन सेंटिमीटरला ६.९५ ग्रॅम आहे, म्हणून ग्रॅममागे १०० चौरस मीटर म्हणजे ८.६ नॅनोमीटर. डिफ्रॅक्शनने ५ आणि पृष्ठफळाने १५ आलं तर स्फटिक लहान आहेत पण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले आहेत. अशा वेळी पायरी ४ मध्ये पाणी राहिलं होतं का ते पाहा. क नमुन्यात हलका सिलिकाही आहे, त्यामुळे तिथे हा आकडा ढोबळ समजा.

५०० अंशांना दोन तास भाजल्यावर अ नमुना बहुधा दहा नॅनोमीटरच्या घरात असेल. क त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला तर हात बसला म्हणायचा.

वाढीला विरोध मोजायचा कसा

एका तापमानाच्या एका आकड्यावरून ‘वाढ रोखली’ असं म्हणू नये. प्रत्येक नमुन्याचे पाच भाग करून चार भाग ५००, ६००, ७०० आणि ८०० अंशांना दोन-दोन तास भाजा, आणि पाचवा भाग ५०० अंशांनाच २४ तास ठेवा. हे सारे आकडे एका आलेखावर काढा. अ ची रेघ चढत जाईल, क ची बराच काळ सपाट राहून मग चढेल. ती कुठे वाकते हाच तुमचा खरा निकाल.

ती कधीतरी वाकणारच. टिन ऑक्साइड सुमारे १६३० अंशांना वितळतं. केल्विनमध्ये त्याच्या निम्मं तापमान म्हणजे साधारण ६८० अंश सेल्सिअस. त्याच्या आसपास आणि वर घन पदार्थातले अणूही चांगलेच हलू लागतात. तिथपासून पुढे भिस्त फक्त सिलिकाच्या ठिपक्यांवर.

हे ठिपके किती असतात? मघाच्या हिशोबाने ग्रॅमला ०.७६ मिलिमोल सिलिकॉन म्हणजे ४६ मिलिग्रॅम सिलिका, वजनाने साडेचार टक्क्यांहूनही कमी. पण सिलिका टिन ऑक्साइडच्या मानाने फार हलका, त्यामुळे घनफळाने तोच जवळपास १३ टक्के होतो. झेनरच्या सूत्रानुसार ठिपक्याच्या आकाराला चारने गुणून, घनफळातल्या वाट्याच्या तिपटीने भागलं की स्फटिक कुठवर वाढू शकेल ते मिळतं. ठिपका १ नॅनोमीटरचा धरला तर उत्तर १० नॅनोमीटरच्या आसपास येतं. सूत्र भरीव पदार्थासाठी आहे आणि आपली पूड सच्छिद्र, त्यामुळे हा आकडा फक्त अंदाजाचा. पण आणखी सिलिका घालावासा वाटला तर हा हिशोब आठवा: तेरा टक्के जागा आधीच दुसऱ्या पदार्थाने घेतली आहे, आणि तीही नेमकी पृष्ठभागावर, जिथे तुम्हाला वायू पोहोचायला हवा. सिलिका वाढवून ८०० अंशांना ४ नॅनोमीटर मिळवले आणि संवेदक मुकाच राहिला तर कशासाठी?

दुसरी ऑक्साइडं

टायटॅनियमसाठी साका पाडण्याऐवजी बहुधा आयसोप्रॉपॉक्साइडचं जलविघटन करतात. ते पाण्याशी इतक्या वेगाने भिडतं की आयसोप्रॉपेनॉलमध्ये पातळ करून, आम्ल घालून, थेंबाथेंबाने सोडावं लागतं. क्लोराइडची कटकट नाही, त्यामुळे पायरी २ सोपी होते. इथे वाढ आणि रूपांतर हातात हात घालून चालतात: ॲनाटेज हे रूप सुमारे १४ नॅनोमीटरच्या खालीच ऊष्मागतिकीच्या दृष्टीने रूटाइल या दुसऱ्या रूपापेक्षा स्थिर असतं, त्यामुळे कण लहान ठेवले की ॲनाटेजही टिकतं. डिफ्रॅक्शनमध्ये २७.४ अंशांना रूटाइलचं शिखर उगवलं तर आकार मोजण्याआधीच समजा की वाढ झाली आहे.

झिर्कोनियमची कृती टिनच्या सर्वांत जवळची. ऑक्सिक्लोराइड घ्या, अमोनियाने साका पाडा, पुढचं सगळं तसंच. याचा एक फायदा मला फार आवडतो. शुद्ध झिर्कोनियाचे स्फटिक साधारण ३० नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तोवर ते टेट्रागोनल रूपात राहू शकतात, मोठे झाले की थंड होताना मोनोक्लिनिक होतात. ३०.२ अंशांचं शिखर एकटं असेल तर ठीक, २८.२ आणि ३१.५ ला जोडी दिसू लागली तर वाढ हाताबाहेर जाते आहे. रुंदी मोजायचीही गरज नाही.

झिंक ऑक्साइडपासून सुरुवात करू नका. ते आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही, त्यामुळे धुतानाच कण वाढतात. वर, तापमान चढलं की सिलिकाशी मिळून झिंक सिलिकेट बनतं, म्हणजे ज्या ठिपक्यांनी वाढ अडवायची तेच खर्ची पडतात. झिंकसाठी वेगळी अडवणूक शोधावी लागते.